अर्धा दात

९ नोव्हेंबर

प्रिय खडू,

आशीर्वाद. तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतेस का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मी ठणठणीत. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही कुरकुरायचा आणि तेव्हाही तू लक्ष द्यायची नाहीस.

तुझा पत्ता तू मला दिला नाहीस. पण आईचा फोटो नव्याने फ्रेम करून पाठवलास, त्याच्या पाठीवर दुकानाचा शिक्का होता. तेव्हा हे पत्र फ्रेमवाल्याकडे पाठवतेय. ते तुला देतील असं धरून चाललेय. घरातून निघताना तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. काही दिवस लिहू नकोस, असा मी त्याचा अर्थ घेतला. ते काही दिवस होऊन गेले.

आता बातम्या. लाँड्री बंद झाली. मालकांनी यंत्रं विकली, त्यांत माझी वाफेची इस्त्रीही गेली. शेवटच्या दिवशी तिने माझ्या मनगटाला असा चटका दिला की डाग अजून आहे, पिंपळपानाएवढा. इतकी वर्षं तिच्यासमोर उभी राहिले आणि जाताना ही वागणूक.

आणि आता हस. मी मॉडेल झालेय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. पोस्टामागची चित्रकलेची शाळा आठवते ना, जिथे तू थोडे दिवस जाऊन, सगळ्यांशी भांडून परत आलीस? तिथले सर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या बाह्यांवरचे कोळशाचे डाग काढण्यात माझी उमर गेली. त्यांना चेहऱ्याच्या वर्गासाठी कुणीतरी न हलता बसणारं हवं होतं. लाँड्रीच्या काउंटरवरच ते म्हणाले, बाई, तुमच्याइतकं स्थिर उभं राहिलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मला ते कौतुक वाटलं. नंतर विचार केला तर तितकंसं वाटेना.

खोली लांबलचक आहे, खिडक्या उंच. मध्ये लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची. डाव्या हाताला विजेची शेगडी ठेवतात, त्यामुळे डावा गाल भाजतो आणि उजवा गारठतो. डावा हात उजव्या गुडघ्यावर, मान खिडकीकडे. सर माझ्या पावलांभोवती खडूने रेघ मारतात, म्हणजे चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा त्याच जागी पाय ठेवता येतात. खडूच्या रेघेत पाय ठेवताना तू आठवतेसच, त्याला माझा इलाज नाही. लहानपणी हातात, तोंडात, उशीखाली, जिकडे तिकडे तुझे खडूच असायचे.

विद्यार्थी सगळ्या वयाचे. एक निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत. ते अगदी समोर बसतात आणि कोळसा असा धरतात की मला आपसूक तोंड उघडावंसं वाटतं.

पहिल्याच दिवशी सुट्टीत मी सगळ्यांच्या कागदांपुढून फिरून आले. खरं सांगू? मला स्वतःला बघायचं होतं. आजवर मला फक्त तूच काढत आलीस, कपाटामागच्या भिंतीवर, रद्दीवर, माझ्याच कॅलेंडरवर, आणि मला दाखवायच्या आधी दरवेळी मिशा काढायचीस. म्हटलं, परकी माणसं तरी नीट काढतील.

एकाच्याही कागदावर मी नव्हते.

शिकाऊ आहेत, हात बसायला वेळ लागतो, असं मी मनाशी म्हटलं. पण पुढच्या काही वर्गांत हात बसत गेले आणि सगळ्यांची चित्रं एकमेकांसारखी दिसायला लागली. कुणाची रेघ जाड, कुणाची भित्री, पण बाई एकच. चेहरा माझ्याहून निमुळता. भुवया मधे जवळजवळ टेकलेल्या. सरांना वाटलं पोरं एकमेकांचं बघून काढताहेत. ते चिडले, कागद लावायच्या सगळ्या इझलांच्या मध्ये चादरी टांगल्या. चादरींच्या आडही तीच बाई आली. एरवी ते चित्रकाराने स्वतःला कसं शोधावं यावर तासभर बोलतात. त्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून रिकामा कप पुसत राहिले.

आणि गेल्या वर्गात डॉक्टरांनी ओठ जरा विलग काढले. आत पुढचा दात अर्धा तुटलेला होता.

डॉक्टर स्वतःच गोंधळले होते. ते मला हळूच म्हणाले, "बाई, तुमचा जबडा असा नाही. मला दिसतंय तो असा नाही. पण हात ऐकत नाही."

माझे दात सगळे शाबूत आहेत, खडू. अंगणातल्या नळावर आपटून दात कुणी तोडून घेतला होता, ते तुला आणि मलाच माहीत आहे.

आपण बहिणी आहोत, तोंडावळ्यात थोडंफार सारखं असणारच. दाताचं काय, एखाद्याचा हात घसरतो. मी फार विचार करत नाही. तूही करू नकोस.

चित्रांत तुझे केस अगदी बारीक कापलेले आहेत. खरंच कापलेस का? लांब केस तुला शोभायचे.

तुझीच,
ताई


२० जानेवारी

प्रिय खडू,

आशीर्वाद, आणि नव्या वर्षाच्या शिळ्या शुभेच्छा. उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. हरवलं असतं तर तू काहीतरी कळवलं असतंस, असा माझा तुझ्या स्वभावाबद्दलचा हिशेब आहे.

मी फ्रेमवाल्याकडे जाऊन आले. रागावू नकोस. सरांच्या एका चित्राला काच बसवायची होती म्हणून गेले. हे खोटं आहे. काच आपल्या गल्लीतही बसवून मिळते. मी बघायला गेले होते.

काय ते चिंचोळं दुकान! आत शिरताना मी पोट आत घेतलं. भिंतीला काचा टेकलेल्या, खिळ्यांवर फ्रेमांचे कोपरे लटकवलेले, सगळीकडे लाकडाचा भुसा. फ्रेमवाले मापाची पट्टी गळ्यात टाकून काहीतरी कापत होते. त्यांनी वर पाहिलं आणि करवत खाली ठेवली. मी नाव सांगितलं नव्हतं, काम सांगितलं नव्हतं.

"या, बसा," म्हणाले. "तुम्हाला आज पहिल्यांदाच फ्रेमच्या बाहेर बघतोय."

मग त्यांनी तुझी चित्रं दाखवली. तुझ्या परवानगीशिवाय, हो. मीच गळ घातली, त्यांना बोल लावू नकोस.

खडू, तू किती छान काढायला लागलीस गं. ते भाजीच्या गाड्यावरचं ओलं पोतं मला हात लावून बघावंसं वाटलं. पण गाड्यामागची बाई मी होते. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला माझे कान होते. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं, सगळी मी. एका चित्रात बापाच्या खांद्यावर बसलेलं लहान मूल आहे, त्याला माझा आत्ताचा चेहरा आहे, डोळ्यांखालच्या काळेपणासकट. ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, हे तेवढं झाकून ठेवा.

सगळ्यांचा डावा गाल लाल. सगळ्यांचा डावा हात उजव्या गुडघ्यावर. बस थांब्यावर जो माणूस उभा आहे, त्याचाही हात तसाच वाकलेला, जणू गुडघा तिथे आहे आणि तो विसरून उभा राहिलाय.

चटक्याचा डाग पण आहे. पण चटक्याचं आणि शेगडीचं मी तुला लिहिलं होतं, तेव्हा ते सोडून देऊ. हिरव्या स्वेटरचं कुठे लिहिलं होतं? तू गेल्यावर घेतलाय मी तो. मधलं एक बटण हरवलं, तिथे मी काळं लावलं. शाळेत रोज तोच घालून बसते, खोली गार असते. तुझ्या भाजीवालीच्या अंगात तोच स्वेटर आहे आणि मधलं बटण काळं आहे. मी दुकानात होते तेव्हाही अंगात तोच होता. फ्रेमवाले एकदा चित्राकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. मी शाल ओढून घेतली.

मी विचारलं, तिचे केस कसे आहेत. बारीक कापलेत, म्हणाले. आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलीय, पांढऱ्या. ती काडी आमच्या वर्गात महिनाभर सगळे काढताहेत. एकाला तर वाटलं होतं आपल्या कागदावर केस चिकटलाय, तो पुसत बसला होता.

मागच्या पत्रात एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

माझ्याआधी त्या चौथऱ्यावर एक मावशी बसायच्या. त्यांनी मला हे काम शिकवलं. न हलता बसणं अंगाचं काम नाही, म्हणाल्या, मनाचं आहे. एका माणसाला घट्ट धरून बसायचं. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, कपाळापासून सुरुवात करायची, सावकाश हनुवटीपर्यंत यायचं, आणि हनुवटी आली की पुन्हा कपाळ. देवाला धरलं तर झोप येते. नवऱ्याला धरलं तर राग येतो आणि मान हलते. मी हसले होते तेव्हा. शाळेच्या जिन्यात मावशींची कितीतरी जुनी चित्रं लावली आहेत, पण जवळजवळ सगळ्यांत हनुवटीला खळी असलेला एक पुरुष आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, तो माझा भाऊ. बोटीवर कामाला गेला होता.

तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेल. मी तिथे बसते तेव्हा तुला धरून बसते. दुसरं आहे कोण माझ्याकडे धरायला?

निघताना फ्रेमवाल्यांनी आणखी एक सांगितलं. म्हणाले, त्या स्वतःचं चित्र काढायला बसतात, आरसा समोर ठेवून. पुन्हा पुन्हा बसतात. आणि दरवेळी तुम्ही येता. एकदा असंच एक चित्र घेऊन आल्या, टेबलावर ठेवलं, आणि इथे या स्टुलावर बसून रडल्या. कितीतरी वेळ. फ्रेम करायची नाही म्हणाल्या, जाळून टाका. ते म्हणाले, मला जाळवेना, माळ्यावर ठेवलंय.

मी ते मागितलं नाही. बस धरून परत आले. मी आले होते हे तुला सांगू नका असं त्यांना म्हटलं आणि आता मीच लिहून बसले. माझं हे असंच.

जेवत जा वेळेवर. चष्म्याला नवी काडी बसव, असा कसला आळस तो.

तुझीच,
ताई


२ एप्रिल

प्रिय खडू,

आशीर्वाद. आज तब्येतीचं उगाच विचारत नाही. तू बरी आहेस का?

हे पत्र नीट सगळं सांगून लिहायचं असं ठरवून बसलेय, आणि दुपारपासून दोनदा भांडी घासून झाली.

मागचं पत्र मी अशा थाटात संपवलं की जणू मला काही कळलंच नाही. मला दुकानातच कळलं होतं. त्या स्टुलाकडे बघताना कळलं. मी इथे तुला धरून बसते म्हणून तिथे तुझ्या हातून मी येते. तू आरसा ठेव, काहीही कर, मी मधे येणार. मला हे कळलं, आणि पुढच्या वर्गाला मी पुन्हा जाऊन बसले, पुन्हा तुला धरलं. नुसतं तेवढंच नाही. सरांना सांगून शेगडी उजवीकडे घेतली. गुडघ्याचं निमित्त केलं. मग आठवड्याभराने दुकानाच्या शिक्क्यावरच्या नंबरवर फोन लावला आणि काच कधी मिळेल अशी इकडची तिकडची चौकशी करत विचारलं, की नव्या चित्रांत काय विशेष. फ्रेमवाले म्हणाले, विशेष असं काही नाही, पण आता उजवा गाल लाल येतो.

शेगडी हलवल्याचं मी तुला कळवलं नव्हतं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. घाबरायला हवं होतं, तुझ्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, पण मी फोन ठेवला आणि रिकाम्या घरात एकटीच हसले. वाटलं, गेली कुठे, आहे की माझ्याजवळच. तू दार लावून घेतलं होतंस आणि मला खिडकी सापडली होती.

निघताना तू काय म्हणालीस ते आता लिहितेच. तुझ्या एका हातात चपला होत्या, दुसऱ्यात ती रंगांची पेटी. मी म्हणत होते, अगं चपला पायात घाल आधी. तू म्हणालीस, "ताई, मी कुणालाही काढायला घेतलं तरी तूच येतेस. एकदा तरी मी यायला हवी. मला पत्र लिहू नकोस. माझी आठवणही काढू नकोस."

काही दिवस, असा शब्द त्यात कुठेच नव्हता. तो मी घातला. आठवण काढू नकोस हे तू रागाने बोलतेस असं मला वाटलं. तू तर मला साधी सोपी गोष्ट सांगत होतीस, पाणी बंद कर, दार ओढून घे, तशी.

आता परवाचं.

परवा वर्गात मी नेहमीसारखी बसले. खडूच्या रेघेत पाय ठेवले. तुझं कपाळ आणलं डोळ्यांसमोर, भुवयांपर्यंत आले, आणि तू निसटलीस. दुसरा शब्दच नाही मला. पुन्हा कपाळावर गेले तर कपाळही येईना. नुसता उजेड. मी कुणालाच न धरता तशीच बसून राहिले, आणि गंमत म्हणजे अजिबात हलले नाही.

सुट्टी झाली तेव्हा डॉक्टर आधी बोलले. म्हणाले, आज जबडा ऐकतोय. मग चादरींआडून एकेकजण बाहेर आला. सर सगळ्यांच्या कागदांपुढून फिरले, परत फिरले, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, बाई, आज तुम्ही आलात.

मीही बघून आले. रुंद चेहऱ्याची बाई आहे. कान मोठे, तू म्हणायचीस तितके नाहीत. हनुवटी हट्टी आहे. ओठ मिटलेले, पण आतून काहीतरी बोलून मोकळं व्हावं असे. बरी आहे. मला ती ओळखीची वाटली नाही आणि आवडली. प्रत्येक कागदावर तीच होती, जिकडे वळावं तिकडे मीच मला बघत होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला काढलं होतं, मिशांशिवाय. आणि तू कुठेच नव्हतीस.

मी जिन्यात गेले. मावशींच्या चित्रांच्या रांगेत सगळ्यात शेवटची जी दोन-तीन आहेत, ती मी आधी नीट पाहिली नव्हती. त्यांत खळीवाला भाऊ नाही. त्यांत मावशी स्वतः आहेत.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. त्या कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं तर चिमटा तोंडातून काढून म्हणाल्या, एक दिवस तो सुटला हातातून. त्यानंतर चित्रांत मीच यायला लागले. तो जिवानिशी गेला, की कुठल्यातरी बंदरात घर करून सुखाने राहिला आणि आपल्याला विसरला, ते कळलं नाही. पत्र त्याचं आधीही नव्हतं, नंतरही नव्हतं.

"मग तुम्ही काय समजलात?" मी विचारलं.

"मला झेपेल ते," म्हणाल्या, आणि पुढचा कपडा झटकला.

घरी येऊन फ्रेमवाल्यांना फोन केला. या वेळी काचेचं निमित्त सुचलं नाही. ते म्हणाले, तू गेल्याच आठवड्यात एक चित्र देऊन गेलीस. साधी काळी फ्रेम सांगितलीस. खुशीत होतीस. कधी नव्हे ती त्यांच्याकडचा चहा प्यायलीस आणि शुक्रवारी घेऊन जाते म्हणालीस. शुक्रवार होऊन गेला. तू आली नाहीस. राहतेस कुठे हे त्यांना माहीत नाही, तूच नेहमी यायचीस.

मी म्हटलं, चित्र कुणाचं आहे? ते म्हणाले, त्यांचं स्वतःचं. बारीक केस, दोऱ्याचा चष्मा, ओठ जरा उघडे, अर्धा दात दिसतोय. या चित्रात तुम्ही पहिल्यांदाच नाही आहात.

"गाल लाल आहे का?"

"नाही," म्हणाले. "सगळ्या चेहऱ्यावर सारखा उजेड आहे."

तेव्हा हे असं आहे, खडू. तुला तू सापडलीस आणि तू मला सोडून कामाला लागलीस. नाहीतर तुला तू सापडलीस आणि तुझं काहीतरी बरंवाईट झालं. इथे माझ्या कागदांवर दोन्हीचं चित्र एकसारखंच दिसतं. तुझ्या गप्प बसण्यावरून ओळखावं म्हटलं तर तू एरवीही गप्पच असतेस.

शोधायचा एक मार्ग होता आणि आज सकाळी मी तो करून बघितला. तुला पुन्हा धरायचं. जोर लावून, सगळी ताकद लावून धरायचं आणि कागदावर येतेस का बघायचं.

मी बसले. कपाळ आलं. भुवया आल्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून डॉक्टरांकडे बघत होते. मी नाकापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा हात अडखळला. कपाळाला आठ्या पडल्या. कोळसा कागदावर एका जागी टेकून राहिला आणि मग त्यांनी बारीक, तिरकी, खालून तुटलेली अशी दाताची रेघ ओढली. ती मी शंभर पावलांवरूनही ओळखली असती. मला वाटलं आता मी ओरडणार. आहे. आहे ती.

आणि पुढच्या क्षणाला माझ्या मनात दुसरं आलं. ती आहे, आणि आत्ता या घटकेला कुठल्यातरी खोलीत आरशासमोर बसलीय, आणि तिच्या हातून माझी हनुवटी उतरतेय. इतक्या वर्षांनी तिची ती आली होती, आणि मी पुन्हा मधे येऊन बसलेय, हिरवा स्वेटर घालून.

मी उठले. चालू बैठकीत मॉडेल उठत नाही, खडू. शिंक आली तरी गिळतो आम्ही. मी उठले, चपलेने ती पावलांभोवतीची रेघ पुसून टाकली आणि चौथऱ्यावरून खाली उतरले. सर काहीतरी बोलत होते. सगळे कोळसे थांबले होते. डॉक्टर मात्र कागदाकडेच बघत होते. त्यांच्या कागदावर माझा अर्धा चेहरा होता आणि त्यात तुझा तो एक दात.

"बाई," ते म्हणाले, "हा दात खोडू?"

हाताला सवय झाली असेल, म्हणून आला असेल. मी ओढून आणला म्हणूनही आला असेल. खरंच तू असशील. मला जाणून घ्यायचं होतं, अजूनही घ्यायचंय, त्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

मी म्हटलं, "खोडा."

त्यांनी अगदी हलक्या हाताने खोडला. मी तिथेच उभी राहून बघितलं. मग सरांना म्हटलं, नवीन रेघ मारा, मी पुन्हा बसते. आता मी कुणालाच धरत नाही. शेगडी बंद करायला सांगितलीय. जमतंय.

हे पत्र मी फ्रेमवाल्यांना तुझ्या चित्राबरोबर ठेवायला सांगितलंय. चित्र घ्यायला आलीस की मिळेल. ते चित्र मी बघायला येणार नाही, मी बघितलं की ते माझ्या डोळ्यांत राहील. माळ्यावरचं दुसरं जे आहे, तू जाळायला दिलेलं, ते मात्र मी आणून इथे स्वयंपाकघरात लावणार आहे. त्यात मीच आहे, तेव्हा तुझी हरकत नसावी.

याला उत्तर पाठवू नकोस. उत्तर आलं नाही की मी समजेन, तू कामात आहेस. मला हे झेपेल. पत्र लिहिणं म्हणजेही धरणंच आहे, म्हणून हे शेवटचं. आता हे पाकिटात घालून चिकटवलं की मी भांडी आवरीन, स्वेटरचं ते काळं बटण काढून हिरवं लावीन, आणि दुसऱ्या कशाचा तरी विचार करीन. सवय नाही, पण शिकेन.

चपला पायात घालत जा.

यापुढे तुझी आठवण न काढणारी,
तुझी ताई